दुकानाचे पुरुमेंत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळामास्तराने व्यापाऱ्यांपुढे दुकानदारीवर बोलावे हे वरकरणी थोडे विचित्रच दिसते. तराजू आम्ही कधी हाती धरलेला नाही, आणि उधारीच्या वहीशी आमचा संबंध आला तो नेहमी दुसऱ्या बाजूने आला. परंतु कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय देताना असे सुचवले, की वादळ कसे होते आणि वीज का जाते हे वर्गात मुलांना जसे सांगता तसेच येथे सांगावे, आणि मग दुकानदाराने त्यासाठी काय करून ठेवावे ते बोलावे. पहिल्या भागाचा आम्हांला अधिकार आहे. दुसऱ्या भागासाठी आम्ही गेली काही वर्षे बाजारातल्या मंडळींना प्रश्न विचारत हिंडलो आहोत. तेव्हा त्यातले जे चांगले वाटेल ते त्यांचे समजावे.

गोव्यातल्या प्रत्येक घराला पुरुमेंत हा शब्द ठाऊक आहे. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण चाल इथल्या पावसाने लावली. वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, आमसुले, चिंच, सुके बांगडे, सुंगटे, कांद्यांच्या वेण्या, तांदूळ, जळण हे सारे मृगाच्या आत घरात घ्यायचे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे यालाच आगोटीची बेगमी म्हणतात. मडगावला होली स्पिरिट चर्चजवळ फेस्ताला जो बाजार भरतो, त्याला तर पुरुमेंताचे फेस्त असेच नाव पडले आहे. म्हणजे चार महिने बाजार तुटला तरी चूल थांबू नये, याची व्यवस्था आपल्या आज्यांनी शतकानुशतके केली. पण त्याच आज्यांच्या नातवांनी घातलेल्या दुकानांचे पुरुमेंत कोणी करत नाही. पावसाळ्यासाठी विकायचा माल भरतात. दुकान स्वतः पावसाळ्यातून कसे निभावेल, याची बेगमी नसते. आजच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे.

प्रथम वादळाविषयी. अमेरिकेच्या बाजूला अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे ज्याला टायफून म्हणतात आणि आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, ती वस्तू एकच आहे. हरिकेन हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या लहानपणी घरोघरी जो कंदील होता तो हरिकेन कंदीलच. वाऱ्यातही विझत नाही म्हणून त्याला ते नाव मिळाले. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी पुसून, वात कापून लावला आहे अशी मंडळी येथे पुढच्या रांगांत बसलेली दिसतात. त्या काळी वादळ आले तर दुकानाचे छप्पर जात असे; दुकानाचा उजेड जात नसे, कारण तो दुकानदाराच्या हातातच असे. हा फरक आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

समुद्राचे वरचे पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यावरची दमट हवा वर चढू लागते. ती वर गेली की भोवतालची हवा त्या जागी धावते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला वळण मिळते, आणि आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते. अरबी समुद्रात हे प्रकार वर्षातून दोन वेळा संभवतात: एकदा मे-जूनमध्ये, मोसमी पाऊस नीट बसण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा तो परतल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. भर पावसाळ्यात सहसा नाही. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत तापत चालले आहे, आणि पूर्वी क्वचित येणारी जोरदार वादळे आता अधिक वेळा येऊ लागली आहेत, अशी शास्त्रज्ञांची नोंद आहे. आपल्याला २००९ च्या नोव्हेंबरातले फयान आठवत असेल, २०१९ च्या ऑक्टोबरातले क्यार आठवत असेल, २०२० च्या ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर चढलेले निसर्ग आठवत असेल. आणि २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते तर कोणी विसरणार नाही.

या दोन हंगामांकडे जरा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. मे महिन्यात आपल्या बाजारात छत्र्या, रेनकोट, ताडपत्री, पुरुमेंताचे सामान, काजूगर हे सारे भरलेले असते. मासळीवाल्यांची तर १ जूनला मासेमारी बंद होण्यापूर्वीची अखेरची कमाई असते. ऑक्टोबरात दिवाळी. क्यार वादळ समुद्रात घोंघावत होते त्या वर्षी २७ ऑक्टोबरला दिवाळी होती, आणि पिकलेले भात शेतात आडवे झाले होते. म्हणजे वादळाचे जे दोन हंगाम, तेच दुकानात माल सर्वांत जास्त आणि गल्ल्यात पैसा सर्वांत कमी असण्याचे हंगाम. हा योगायोग असेल, पण व्यापाऱ्याने तो आपल्या पंचांगात मांडून ठेवण्याजोगा आहे.

तौक्ते हे नाव ब्रह्मदेशाने सुचवलेले होते. त्याचा अर्थ एक जातीची मोठ्याने ओरडणारी पाल. १४ मे २०२१ ला लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचे क्षेत्र बळावले. तो शुक्रवार होता आणि आमच्याकडे त्याच दिवशी ईद होती. कोरोनामुळे संचारबंदी असल्याने कोणी कोणाकडे जात-येत नव्हते. १६ मे, रविवारी ते गोव्यासमोरून गेले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीवच्या पूर्वेस चढले. हे नीट ऐकावे: ते गोव्यावर चढले नाही. समुद्रातूनच उत्तरेकडे निघून गेले. त्याचा पदर तेवढा आपल्या किनाऱ्यावरून फिरला. एवढ्यावर शेकडो झाडे उन्मळली, माणसे दगावली, घरांची छपरे गेली आणि निरनिराळ्या गावांत कुठे दोन दिवस, कुठे चार दिवस, कुठे त्याहूनही अधिक अंधार राहिला. पंप चालेनात म्हणून नळाचे पाणीही अडले.

या वादळाचे वारे कोणत्या दिशेने आले हे ज्यांनी पाहिले त्यांना एक गोष्ट उमजली असेल. वादळ दक्षिणेला असते तेव्हा आपल्याकडे वारा डोंगराच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून येतो. ते समोर आले की दक्षिणेकडून. आणि पुढे सरकले की नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून. घड्याळाच्या उलट फिरणारे चाक पश्चिमेला ठेवून पाहावे, म्हणजे आपोआप समजेल. तेव्हा दुकानाचे तोंड पश्चिमेला नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने फलक, पत्रे आणि छज्जा तिन्ही बाजूंनी तपासावेत. मधेच वारा पडला म्हणजे संपले असेही समजू नये. पुष्कळदा तो दिशा बदलत असतो. पत्र्याचे हूक आणि नटबोल्ट एप्रिलमध्ये आवळण्याची मजुरी फार नाही. माल जमिनीपासून वीतभर तरी उंच, लाकडी फळ्यांवर असावा, आणि भिंतीला चिकटलेला नसावा, कारण आपल्याकडे ओल वरून येते तशी भिंतीतूनही येते. याविषयी यापेक्षा अधिक बोलण्याची गरज नाही. व्यापारी मंडळी हे आमच्यापेक्षा अधिक जाणतात.

खरा प्रश्न वाऱ्याचा नाहीच. वारा एका दिवसाचा. त्याच्या मागून येणारा अंधार चार दिवसांचा, आणि लहान दुकान मोडते ते त्या चार दिवसांत.

आपल्या ट्रस्टकडून कर्ज घेऊन डीप फ्रीझर विकत घेतलेली एक भगिनी आहे. मासळी साफ करून, कापून, पिशव्यांत भरून ती घरोघरी पोचवते. तिने आम्हांला सांगितले, "मास्तर, वारा थांबला तेव्हा मी देवाचे आभार मानले. छपराचे एक कौलसुद्धा हलले नव्हते. माझी मासळी गेली ती तिसऱ्या दिवशी." तो माल तिने परसात खड्डा खणून पुरला. आणि तिच्या घरापासून तीनशे पावलांवर एका मंगल कार्यालयात जनित्र कुलपात पडून होते. संचारबंदीत लग्ने नव्हती, त्यामुळे ते त्या आठवड्यात एकदाही सुरू झाले नाही. मालकाने नाही म्हटले असते असे नव्हे. त्याला कोणी विचारले नाही, कारण चावी कोणाकडे असते हे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे तिचे दोन हप्ते चुकले, आणि त्यावर आपल्या मंडळाच्या बैठकीत जी चर्चा झाली ती येथील अनेकांना आठवत असेल. नियम नियमच असतो असे एक मत होते. ते मत वाईट हेतूचे नव्हते. त्या चर्चेकडे आम्ही शेवटी येऊ.

वीज यायला इतका वेळ का लागतो, हे लोक चिडून विचारतात; शांतपणे विचारले तर उत्तर सोपे आहे. गोव्यात वापरली जाणारी बहुतेक वीज राज्याबाहेर तयार होते आणि उच्च दाबाच्या तारांवरून घाट उतरून येते. ती उपकेंद्रांत उतरवली जाते, तिथून ३३ हजार आणि ११ हजार व्होल्टच्या तारांनी गावोगाव जाते, गावातल्या रोहित्रातून आपल्या खांबावर येते. आणि या सगळ्या तारा आंबा, फणस, माड आणि काजू यांच्यामधून जातात; आपल्या प्रदेशाची जी शोभा तीच तारांची वैरीण. दुरुस्ती नेहमी वरून खाली होते: आधी मोठी वाहिनी, मग उपकेंद्र, मग रोहित्र, आणि शेवटी आपल्या गल्लीची तार. त्यातही इस्पितळ आणि पाण्याचे पंप आधी. म्हणून ज्याचे दुकान तारेच्या शेपटाला आहे त्याने आपला क्रम शेवटचा आहे हे गृहीत धरूनच हिशेब करावा. वीजकर्मचारी झाडावर, भर पावसात रात्र रात्र काम करतात. त्यांना फोनवर बोल लावून तार लवकर जोडली जात नाही.

चार दिवस म्हणजे काहीच नव्हे, असेही जगात घडले आहे. अटलांटिकमधल्या पोर्टो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया नावाचे हरिकेन आले आणि जवळजवळ संपूर्ण बेटाची वीज गेली. ती शेवटच्या घरापर्यंत परत यायला सुमारे अकरा महिने लागले. आरंभी सरकारने मृतांचा आकडा ६४ सांगितला होता. पुढे अभ्यासानंतर तो २९७५ असा मान्य करण्यात आला. वाऱ्यात मेलेले थोडे. नंतरच्या महिन्यांत, वीज, औषध, पाणी यांच्या तुटवड्यात गेलेले बहुत. अंधार हेच दुसरे वादळ असते, असे त्या बेटावरचे लोक म्हणाले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच देशातली दुसरी एक गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात वॅफल हाऊस नावाची खाणावळींची मोठी साखळी आहे. दिवसरात्र उघडी राहणारी, साधे अन्न देणारी. हरिकेन येऊन गेल्यावर या खाणावळी सर्वांआधी उघडतात अशी त्यांची ख्याती आहे; इतकी, की त्या देशाच्या आपत्ती-निवारण खात्याचे प्रमुख क्रेग फ्युगेट गावाची अवस्था ओळखायला या खाणावळींकडे पाहत असत. पूर्ण पदार्थ मिळत असतील तर हिरवा, निवडक मिळत असतील तर पिवळा, आणि खाणावळच बंद असेल तर लाल, म्हणजे गावाची स्थिती फार बिकट. हे त्यांना जमते कसे? त्यांच्याजवळ काही जादू नाही. वीज नसेल आणि गॅस असेल तर कोणते पदार्थ करायचे, पाणी नसेल तर कोणते, याच्या याद्या त्यांनी आधीच करून ठेवलेल्या असतात. वादळाच्या दिवशी कोणाला डोके चालवावे लागत नाही. फक्त यादी बदलावी लागते.

आमच्या मते दुकानाच्या पुरुमेंतातली पहिली वस्तू ही यादी आहे. तिला आपण अंधाराची यादी म्हणू. वीज नसताना माझ्या धंद्याचा कोणता भाग चालू राहू शकतो, हे प्रत्येकाने कोरड्या दिवसांत कागदावर लिहावे. सगळा धंदा चालू ठेवण्याची हाव धरू नये. ती महाग पडते आणि साधत नाही. अर्धा चालला तरी गिऱ्हाईक तुटत नाही.

उदाहरणे घ्या. पोदेराची लाकडावरची भट्टी विजेवाचून पेटते. त्याचे अडते ते पीठ मळण्याच्या यंत्राशी. तेव्हा हाताने मळता येईल इतकेच पाव, आणि तेवढ्यांचीच सायकलची फेरी, अशी त्याची अंधाराची यादी. शिंप्याने यंत्राला मोटर लावली असली तरी पायटा काढून भंगारात देऊ नये. पिठाच्या गिरणीला इलाज नाही. परंतु गिरणीवाल्याने हवामान खात्याचा इशारा आला की आधल्या दोन दिवसांत जादा वेळ गिरणी चालवून दळणे उरकून घ्यावी, कारण त्या घरांना पुढे चार दिवस पीठच मिळणार नाही. हा इशारा आता ७२ तास आधीपासून मिळू लागतो: आधी पूर्वसूचना, मग किमान ४८ तास आधी सावधगिरीचा, मग २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा. पणजीला आल्तिन्याच्या टेकडीवरच्या कचेरीतून तो निघतो आणि आकाशवाणीवर सांगतात. हातातला फोन बंद पडला तरी घडीच्या बॅटरीवरचा रेडिओ बोलतो. दुकानात एक असावा.

औषधाच्या दुकानाचे काम अधिक नाजूक. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि बर्फाला थेट लागून ते गोठले तर निकामी होते. म्हणून बर्फ आणि औषध यांच्यामध्ये कापडाचा जाड थर हवा. थर्मास पेटी आणि तापमापक आधीच घेऊन ठेवावा. किराणा दुकानाचे, आपल्याकडे ज्याला पसरो म्हणतात त्याचे, तसे विजेवाचून काहीच अडू नये. पण अडते, कारण तराजू विजेवर चालणारा झाला आहे आणि गल्ला फोनमध्ये गेला आहे. मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांची असते. ती संपली की फोनवरून पैसे देणे थांबते, बँकेचे यंत्र तर आधीच बंद झालेले असते. त्या दिवशी ज्याच्याकडे जुना काट्याचा तराजू, मुद्रांकित वजने आणि दहा-वीसच्या नोटांची चवड असेल तो राजा. उरलेल्यांसाठी उधारीची वही. तेव्हा ती वही प्लास्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर असावी, आणि महिन्यातून एकदा तिच्या पानांची छायाचित्रे काढून घाटापलीकडच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवावीत. पाण्यात माल गेला तर पुन्हा भरता येतो. वही गेली की गावातल्या चांगल्या माणसांचीही स्मरणशक्ती क्षीण होते.

आता थंड मालाकडे येऊ, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथेच. बंद ठेवलेला साधा फ्रीज सुमारे चार तास थंड राहतो. डीप फ्रीझर गच्च भरलेला आणि न उघडलेला असेल तर सुमारे ४८ तास टिकतो. अर्धा रिकामा असेल तर निम्माच वेळ, २४ तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवाव्यात. माल कमी असला तरी थंडी टिकते, आणि पुढे ते पाणी प्यायलाही होते. दर तासाला झाकण उघडून माल ठीक आहे ना हे पाहणारा दुकानदार स्वतःच माल खराब करत असतो. एक लहानशी युक्ती आहे: एका पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणे ठेवावे. वीज आल्यावर नाणे वरच असेल तर माल गोठलेलाच राहिला. ते तळाला गेले असेल तर मधे सारे वितळून पुन्हा गोठले, आणि तो माल विकू नये, वास येत नसला तरी. ताजी मासळी असेल तर आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ धरावा. बर्फाच्या कारखान्यालाही वीज लागते, म्हणून बर्फ वारा सुटण्यापूर्वी आणावा.

इन्व्हर्टरवर पुष्कळांचा नको तितका भरवसा असतो. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. पण ती पूर्ण उपसता येत नाही आणि वाटेत गळतीही होते; पदरात पडतात हजारभर. तीन एलईडी दिवे आणि एक पंखा एवढ्यावर शंभरेक वॅट धरले तर दहा तास. फ्रीझरला जोडले तर काही तासांत संपली, शिवाय फ्रीझरची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट वीज खेचते, ती लहान इन्व्हर्टरला झेपतही नाही. तेव्हा इन्व्हर्टर दिव्यासाठी, फ्रीझरसाठी जनित्र.

आणि जनित्राविषयी आम्ही जरा कडक बोलणार आहोत. ते दुकानाच्या आत, शटर अर्धे ओढून, किंवा मागच्या बोळात खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. किमान वीस फूट दूर, उघड्यावर, वर छप्पर पण बाजू मोकळ्या अशी जागा हवी. दुसरे असे, की जनित्राची तार भिंतीतल्या खाचेत खुपसून दुकानाला वीज देण्याची जी चाल काही ठिकाणी आहे, ती दुसऱ्याचा जीव घेणारी आहे. ती वीज उलटी बाहेरच्या तारेवर जाते, रोहित्रातून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराला ती लागते. यासाठी चेंजओव्हर स्विच हवा आणि तो परवानाधारक तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. वीज परत येते त्या वेळीही दाब वर-खाली होतो; म्हणून सगळी बटणे बंद ठेवून एकच दिवा चालू सोडावा, तो पंधरा मिनिटे स्थिर राहिला की एकेक यंत्र लावावे.

विम्याविषयी थोडक्यात. ज्या धंद्याची एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत आहे त्यांच्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे आणि तीत वादळ-पुराचे नुकसान येते. परंतु केवळ वीज गेल्याने सडलेला माल सर्वसाधारण पॉलिसीत धरला जात नाही. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते. हे कलम विमा घेतानाच वाचावे. मालाची छायाचित्रे वादळाच्या आधी काढलेली असतील तर दाव्याला बळ येते. नंतरची छायाचित्रे सगळ्यांचीच सारखी दिसतात.

दुकानात काम करणाऱ्या माणसांचा उल्लेख अशा याद्यांमधून बहुधा गळतो. वादळाच्या आदल्या दिवशी नोकराला अर्ध्या दिवसाने घरी सोडावे, कारण त्याच्याही घराला छप्पर आहे. त्या चार दिवसांचा रोज कापायचा की द्यायचा, हे आधीच ठरवून त्याला सांगावे. ज्याला रोज मिळेल हे ठाऊक असते तो पाचव्या दिवशी पहाटे झाडू घेऊन हजर होतो. हे आम्ही धर्माच्या दृष्टीने सांगत नाही, हिशेबाच्या दृष्टीने सांगतो; दोन्ही इथे एकच उत्तर देतात.

आता ट्रस्टविषयी. आतापर्यंत जे सांगितले त्यातले निम्मे ज्याच्या त्याने करायचे आहे. उरलेले निम्मे एकट्याला परवडत नाही. आठवड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई जनित्र कोठून आणणार? आणि तिच्यासारख्या दहाजणी मिळून एक जनित्र घेतील तर ते सांभाळणार कोण? अशा कामासाठीच आपल्या वडीलमंडळींनी हा ट्रस्ट काढला, आणि देवस्थान, मशीद, चर्च यांच्यापैकी कोणाचेही नाव न घालता नुसते धर्मादाय असे नाव ठेवले.

महोत्सवी निधीतून प्रवेशद्वारावर कमान आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवण्याची सूचना पुढे आली आहे. आम्ही तिला विरोध करत नाही. देणगीदारांची नावे दिसलीच पाहिजेत. आमचे म्हणणे इतकेच, की ती नावे एका जनित्रावर आणि दोन मोठ्या फ्रीझरवर रंगवली तरी दिसतील. पाच केव्हीएचे डिझेलवरचे जनित्र आपल्या सभागृहामागच्या मोकळ्या पडवीत ठेवावे. वीज गेली की चार तासांच्या आत परिसरातल्या लहान विक्रेत्यांनी आपला थंड माल, नाव लिहिलेल्या पिशव्यांत, इथल्या फ्रीझरमध्ये आणावा. औषधवाल्याच्या पेटीला प्रथम जागा. दिवसातून दोन वेळा तासभर फोन भरून घेण्याची सोय असावी. त्यासाठी लागणाऱ्या डिझेलचा खर्च वापरणाऱ्यांनी वाटून घ्यावा. फुकट दिलेल्या वस्तूची निगा राहत नाही, असा शाळेतल्या खडूपासून आमचा अनुभव आहे.

दुसरी सूचना हप्त्यांविषयी, आणि ती त्या बैठकीतल्या चर्चेतून निघालेली आहे. नियम नियमच असावा हे मत आम्ही मान्य करतो. म्हणूनच सवलत ही दयेची गोष्ट राहू नये, तीही नियमातच लिहिलेली असावी. ज्या गावात सलग ४८ तासांहून अधिक वीज नसेल, त्या गावातल्या ट्रस्टच्या कर्जदारांचा त्या महिन्याचा हप्ता आपोआप पुढच्या महिन्यावर जावा, व्याज न वाढता. अर्ज नको, शिफारस नको, बैठकीत कोणी कोणाची बाजू मांडायला नको. त्या भगिनीने पुढे आपले सगळे हप्ते फेडले, हे खजिनदारांच्या वहीत आहे. पण त्या दोन महिन्यांत ती आपल्या दारावरून जाताना मान खाली घालून जात असे, ते कोणत्याही वहीत नाही.

यंत्र घेतले म्हणजे काम झाले असे होत नाही. कुलपातले जनित्र कसे असते ते आपण पाहिले आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते चार माणसांसमक्ष, दोन्ही फ्रीझर जोडून, तासभर चालवावे आणि तशी नोंद करावी. राहता राहिला चावीचा प्रश्न. एक चावी कार्यालयात राहीलच. दुसरी एखाद्या विश्वस्तांकडे असावी असा विचार मांडला गेला. परंतु विश्वस्तमंडळी बहुतेक गावाबाहेर राहतात आणि झाडे पडली की रस्ते बंद होतात. आमची सूचना अशी, की दुसरी चावी कोपऱ्यावरच्या पोदेराकडे द्यावी. तो भट्टीपाशीच झोपतो, पहाटे तीन वाजता उठलेला असतो, आणि सबंध वाड्यात प्रत्येकाचे दार त्याला माहीत आहे. त्याला आम्ही विचारले आहे. तो तयार आहे.